मदत हवी आहे: प्रश्नावली करू की मुलाखती घेऊ?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहते, आयटी सपोर्टमधली नोकरी सांभाळून एमबीए करतेय. प्रोजेक्टचा विषय असा: वाशीतल्या एका रुग्णालयाच्या वॉर्डात नवीन सॉफ्टवेअर आलं, तरी नर्स औषधांच्या नोंदी रजिस्टरमध्येही का लिहितात?

सर म्हणतात, डेव्हिस यांचं १९८९ चं टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल (लोक नवीन तंत्रज्ञान का स्वीकारतात ते सांगणारं) घे, उपयुक्तता आणि वापरातला सोपेपणा यांवर लायकर्ट प्रश्नावली (‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पर्यायांची) कर. पण त्या वॉर्डात नर्स जेमतेम २२. एवढ्यांत क्रोनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचा आकडा) ०.७ च्या, म्हणजे सहसा पुरेशा मानतात त्या पातळीच्या, वर आला तरी त्यावर किती विसंबायचं? शिवाय परवानगी घेऊन मी दोन रात्रपाळ्या तिथे बसले. ड्युटी बदलताना हँडओव्हर होतो तो त्या रजिस्टरवर बोट ठेवूनच. हे प्रश्नावलीत कुठून सापडणार?

मला केस स्टडी करावीशी वाटतेय. मुलाखती, निरीक्षण, सॉफ्टवेअरचे लॉग (त्यात आपोआप राहणाऱ्या वापराच्या नोंदी), तिन्ही एकमेकांशी पडताळून. कुणी असं केलंय का? मराठी मुलाखतींचं कोडिंग (उत्तरांतले मुद्दे शोधून त्यांना नावं देणं) मराठीतच करायचं की आधी भाषांतर? सरांना हे कसं पटवून द्यायचं, तेही सांगा. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणी शनिवारी तासभर वेळ दिलात तर म्हणाल तिथे येईन.