भाड्याने द्यायच्या फ्लॅटची जुनी मोझॅक: काढू, झाकू की घासू?

मुठाकाठ:
कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा जुना फ्लॅट आहे, अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने जातो. बाथरूम सोडून ५६० चौ. फूट मोझॅक आहे. चकाकी गेलीय, हॉलमध्ये सहा-सात फरश्यांना तडे आहेत, ओट्यासमोर तेलकट काळपट पट्टा आहे. पुढची दहा वर्षं फरशीला हात लावायला लागू नये. मोझॅक फोडून व्हिट्रिफाइड टाइल, मोझॅकवरच व्हिट्रिफाइड, की क्लिक पद्धतीच्या (एकमेकींत अडकवायच्या) विनाइल पट्ट्या?

ओळंबा:
आधी नाण्याने सगळी फरशी ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तिथली फरशी खालून सुटलेली असते, तिथे खडूने खूण करा. खुणा चार-दोनच असतील तर फोडायचा विचार सोडा. मोझॅक आणि खालचा सिमेंट-वाळूचा माल मिळून जवळपास तीन इंच निघतो. एवढ्या क्षेत्राचा राडारोडा चार घनमीटरच्या आसपास जातो. सोसायटी तो लिफ्टने नेऊ देत नाही. शिवाय फोडताना स्लॅबमधल्या वायरींच्या पाइपांना धक्का बसतो तो वेगळाच.

वरून टाइल बसवायची तर ९ मिमीची टाइल आणि ४ मिमी अॅडहेसिव्ह, म्हणजे उंची १३ मिमी वाढते. वजन चौरस मीटरला साधारण २५ किलो, धड स्लॅबला ते जड नाही. पण सगळी दारं खालून तासावी लागतील आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराचा ट्रॅक खड्ड्यात जाईल. बाथरूमच्या उंबऱ्याची उंचीही तेवढीच कमी होते, तो चढवून घ्या, नाहीतर पाणी बेडरूममध्ये येतं. बाथरूममध्ये मात्र टाइलवर टाइल नको. तिथला उतार आणि नहाणी ट्रॅप (जाळीखालचं पाणी जायचं भांडं) बिघडतो, आणि खाली गळती असेल तर ती नुसती झाकली जाते.

खडीसाखर:
तिसऱ्या मजल्यावरची धड मोझॅक झाकणं म्हणजे पैसे फरशीखाली पुरणं. घासून घ्या. तडकलेल्या फरश्या बदला. तोच रंग मिळत नसेल तर पलंगाखालच्या काढून हॉलमध्ये लावा आणि नव्या पलंगाखाली जाऊ द्या. बारीक भेगांत पांढरं सिमेंट आणि रंग भरून दोन दिवस ओलं ठेवा. मग मशीनला जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत चार-पाच हात, शेवटी ऑक्झॅलिक पावडर. हे काम रंगकामाच्या आधी उरका, चिखल भिंतीवर दोन फूट उडतो. कोपरे आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) हातमशीननेच होतं. ठेकेदार ते टाळतात, दर ठरवतानाच बोलून घ्या. पूर्ण वाळल्यावर आत मुरणारा सीलर मारा.

तेलाचा पट्टा पहिल्या हातात बराचसा निघतो. करारात एक ओळ घाला: फरशीवर संडास साफ करायचं अॅसिड वापरायचं नाही. मोझॅकमधली खडी संगमरवराची असते, अॅसिड ती आणि सिमेंट दोन्ही खातं. मग पांढरे डाग पडतात, ते पुन्हा घासल्याशिवाय जात नाहीत.

मुठाकाठ:
नाण्याने ठोकलं. हॉलमध्ये जवळजवळ निम्मी फरशी पोकळ वाजतेय, बाकी खोल्या ठणठणीत.

ओळंबा:
मग हॉलपुरती फोडा, बाकी खोल्या घासा. निम्मी पोकळ असलेल्या फरशीवर नवी टाइल लावली तर खालची हलते आणि वरच्याचा सांधा फुटतो. हॉलमध्ये नवा माल घालताना पातळी शेजारच्या मोझॅकला जुळवून घ्या, दाराशी पायरी पडू नये.

टाइल घेताना डबल चार्ज घ्या. वरचा रंगीत थर ३-४ मिमीचा असतो. पलंग ओढला तरी ओरखड्याखाली तोच रंग दिसतो. ग्लेझ्ड टाइलची नक्षी सुंदर, पण ती वरच्या पातळ थरात असते. रंग मध्यम करडा किंवा बदामी, ठिपक्यांचा. शुभ्र पांढरी दुकानातच छान दिसते.

हिशेब: हॉल १८० चौ. फूट धरला तर १० टक्के तूट धरून १९८. दोन बाय दोनच्या खोक्यात चार टाइल, १५.५ चौ. फूट, म्हणून १३ खोकी. स्कर्टिंगला एका टाइलमधून साधारण चार इंची सहा पट्ट्या धरा, ५४ फुटांना पाच टाइल, म्हणजे आणखी २ खोकी. वर १ खोकं राखीव. सगळ्या खोक्यांवर एकच बॅच आणि शेड नंबर हवा, पुढे तीच छटा मिळत नाही.

मिस्त्री टाइल अगदी चिकटून बसवतील, ते करू देऊ नका. २ मिमी स्पेसर (दोन टाइलमध्ये फट राखणारे तुकडे) लावा आणि भिंतीशी ६-८ मिमी फट सोडा, ती स्कर्टिंगखाली लपते. ही जागा नसली की उन्हाळ्यात टाइल तंबूसारख्या उठतात. सांध्यात इपॉक्सीचा ग्राउट (फट भरायचा लगदा) भरा, सिमेंटचा वर्षात काळा पडतो.

पाटा:
विनाइलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. खालची पातळी दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त वरखाली असेल तर क्लिकचे सांधे तुटतात, आणि जुनी मोझॅक एवढी सपाट क्वचितच असते. लोखंडी कपाटाच्या पायांचे खड्डे पडतात, गरम कढई टेकली की डाग कायमचा. बादली सांडली तर पाणी सांध्यातून किंवा भिंतीकडून खाली जाऊन अडकतं आणि वास धरतं. लावायचंच तर एका बेडरूममध्ये, वरचा झिजेचा थर किमान ०.५ मिमी बघून. ओट्यासमोर अजिबात नको.

खडीसाखर:
क्रम लक्षात ठेवा: आधी हॉलची फोडाफोडी आणि टाइल, मग बाकीच्या खोल्यांचं पॉलिश, रंग सगळ्यात शेवटी. नव्या टाइलवर पॉलिशच्या दिवसांत प्लॅस्टिक आणि त्यावर पीओपीचा थर अंथरा. मशीन हॉलमधूनच ये-जा करणार आहे.