शेतकऱ्याच्या नावापुढचा पट्ट्यांचा आकडा जुळेना (रेल्स, काउंटर कॅश)

मोंढा_परभणी: परभणीच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचं ॲप सांभाळतो. रेल्स (वेब ॲप बनवायची चौकट), खाली पोस्टग्रेस डेटाबेस. शेतकऱ्याच्या नावापुढं त्याच्या एकूण पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, किती ते दिसतं. तो आकडा शेतकऱ्यांच्या टेबलात साठवलेला, काउंटर कॅश: दरवेळी मोजायचं नाही, पट्टी आली की एक चढतो, गेली की एक उतरतो. सोयाबीनची आवक वाढली तसा घोळ सुरू झाला. एकाच्या नावापुढं 37, उघडून बघावं तर यादीत 31. दुसऱ्याचे तर चक्क उणे 2! मुनीमजी म्हणतात, पट्ट्या गायब झाल्या. शेतकऱ्याच्या पैशाचा मामला आहे हो, त्याचा भरवसा उडाला तर ॲप काय कामाचं? शोधायचं कुठून?

जालना_कोड: आधी मुनीमजींना सांगा, पट्ट्या जागच्या जागी आहेत. यादी खऱ्या ओळींवरून येते. चुकलाय तो साठवलेला आकडा.

आता तो कुठल्या बाजूला चुकलाय ते बघा. जास्त दाखवतोय म्हणजे ओळी मागच्या दारानं गेल्या. डिलीट_ऑल कॉलबॅक (ओळ बदलताना रेल्स आपोआप करतं ती जोडकामं) न चालवता थेट ओळी उडवतं, आकडा तसाच राहतो. डिस्ट्रॉय केलं तर बरोबर एक उतरतो. कमी दाखवतोय म्हणजे ओळी मागच्या दारानं आल्या: इन्सर्ट_ऑल, नाहीतर थेट एसक्यूएल. उणे 2 त्यातूनच. आल्या तेव्हा आकडा 0 वरच राहिला, पुढं दोन पट्ट्या स्क्रीनवरून रीतसर काढल्या. रात्री दुबार पट्ट्या साफ करणारा जॉब आहे का?

मोंढा_परभणी: आहे, आणि डिलीट_ऑलच मारतो! जुना हिशेबही एक्सेलमधून इन्सर्ट_ऑलनं चढवलेला. पण काहींचं या दोन्हीत नाव नाही, तरी आकडा जास्त.

जालना_कोड: रद्द पट्ट्या यादीत लपवता ना? ओळ टेबलात राहते, नुसता कॉलम बदलतो. काउंटर तिला धरूनच चालतो.

आधी जॉब दुरुस्त करा, मगच रीसेट_काउंटर्स (ओळी मोजून आकडा नव्यानं लिहिणारी आज्ञा). तेही सौदे बंद झाल्यावर. मोजणं आणि लिहिणं यांच्या मधे नवी पट्टी पडली की ती हुकते.

नांदेड_डीबी: एका आडतीला आकडा साठवायचाच कशाला? पट्ट्यांच्या टेबलात शेतकरी_आयडीवर इंडेक्स (ओळी पटकन सापडायची सूची) टाका, पानावरच्या शेतकऱ्यांच्या रद्द नसलेल्या पट्ट्या ग्रुप करून एकाच क्वेरीत मोजा. पोस्टग्रेसला अख्खं मोठं टेबल मोजणं जड जातं, एवढं नाही.

मोंढा_परभणी: पटलं. रद्दचा घोळही त्यातच मिटतो. आज सौदे उरकले की पानावरचा आकडा क्वेरीवर नेतो, काउंटरचा कॉलम काढून टाकतो. मुनीमजींना 31 च्या 31 पट्ट्या उघडून दाखवल्या, त्यांचा जीव भांड्यात पडला.