चमक डोळ्यांची, शोध मात्र नाकाचा
डोळे चमकतात म्हणजे कोल्ह्याला मिट्ट काळोखातही दिसतं, असं म्हणतात ते अर्धंच खरं. डोळ्याच्या पडद्यामागचा चकाकता थर आत आलेला उजेड परतवतो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी देतो. मुळात उजेडच नसेल तर परतवणार काय? चांदण्यात हालचाल पटकन कळते, बारकावे नाहीत. युरोपातला तांबडा कोल्हा गवताखालचा उंदीर कानांनी हेरतो: मान तिरकी करून खसखस नेमकी कुठून येते ते ठरवतो, मग उंच उडी मारून पुढच्या पायांनी दाबतो.

आपल्या किनाऱ्यावर तर नाकच मोठं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या पुळणीत कासवीण साधारण दीड फूट खोल अंडी घालते, वर वाळू थापून जाते. आतली अंडी दिसत नाहीत की ऐकू येत नाहीत, तरी कोल्हा वासावर बरोब्बर तिथेच उकरतो. म्हणून घरटं सापडताच, उजाडायची वाट न बघता, अंडी न फिरवता हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातल्या जागेत, हलवायला हवीत. घरटी शोधायच्या रात्रीच्या गस्तीला बॅटरी लालच घ्या, पांढऱ्या उजेडाने वर येणारी मादी बिचकून परत फिरते.