औषध बाधण्यामागचे आनुवंशिक कारण
एकच औषध शेजारच्याला लागू पडते आणि आपल्याला बाधते ते कंपनी बदलल्यामुळे किंवा अंगातल्या उष्णतेमुळे, असे बरेच जण म्हणतात. कंपनीचा फरक क्वचित असेलही, पण नेमके आनुवंशिक कारण सापडलेली उदाहरणे आहेत आणि त्यांतले एक आम्हा ठाणेकरांच्या पावसाळ्याशीच निगडित आहे. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियात रक्तातले परजीवी क्लोरोक्विनने मरतात, परंतु यकृतात दडलेल्यांनी पुन्हा ताप आणू नये म्हणून १४ दिवस प्रायमाक्विन दिले जाते. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू लागतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि डोळे पिवळे दिसतात. याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने (पुरुषांत ते एकच असते आणि आईकडून येते) ही कमतरता पुरुषांत अधिक आढळते, आणि मुलाकडे ती वडिलांकडून नव्हे तर आईकडून येते. म्हणून केसपेपर काढताना मामाला असा त्रास झाला होता का, हे आवर्जून सांगावे (आपल्याकडे चौकशी बहुधा वडिलांच्या बाजूचीच होते). चाचणी साध्या रक्ततपासणीने होते.

अँजिओप्लास्टीनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या क्लोपिडोग्रेल या गोळीचे उलट आहे. ते यकृतातील सीवायपी-२सी-१९ या विकरामुळे कार्यक्षम होते. हे विकर जन्मतः मंद असलेल्यांना औषध बाधत नाही, ते पुरेसे काम करत नाही, आणि माझ्या मते हे अधिक फसवे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये त्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर हे पर्याय असले, तरी गोळी आपल्या मनाने बदलू नये.