स्वर खाली उतरलेत, तयारी ठेवा

शाळेच्या मैदानावर माजी विद्यार्थ्यांनी गाण्याचा कार्यक्रम करायचं चाललंय, आणि "शाळेत शिकलेलीच गाणी आहेत, तालमी कशाला?" असं कुणीतरी म्हटलंय. त्यांना आमची फजिती सांगतो.

स्नेहसंमेलनात आमच्या बॅचने समूहगीत म्हणायचं ठरलं. पेटी शाळेचीच, तीच जुनी, भाता दाबला की दम लागल्यासारखी. पेटीवाल्याने सवयीने काळी चार धरली, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' मानून चांगलाच उंच स्वर लावला. सातवीत आम्ही सगळी पोरं त्याच स्वरात गायचो. आता चाळिशीतले बाप्ये! अंतऱ्याला निम्मे गप्प, उरलेले किंचाळले. पुढच्या रांगेतल्या आमच्या बाईंनी बसल्या जागेवरून 'स्वर उतरवा' म्हणून हात खाली केला, अगदी वर्गात करायच्या तस्सा. मग बरंच खाली, काळी एकवर आलो. पण तबला काळी चारचा, छोट्या तोंडाचा, म्हणजे उंच स्वरातच नीट वाजणारा. तो इतका खाली उतरवला की नुसता भदभद वाजायला लागला. शेवटी तबला बाजूला ठेवून टाळ्यांवर निभावलं.

तेव्हा स्वर आधी ठरवा, आणि मोठ्या तोंडाचा तबला बाहेरून आणा. बायका-पुरुष एकत्र गाणार असाल तर मधला स्वर शोधण्यातच एक संध्याकाळ जाते.

मैदानावर करायचं म्हणताय ते मात्र उत्तम. १९५३ साली सुरू झालेला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षं रमणबाग शाळेच्या मैदानावरच व्हायचा, त्यामुळे पुणेकराला शाळेच्या पटांगणात सतरंजीवर बसून गाणं ऐकायची सवय आहे. फक्त डिसेंबर असेल तर तंबोरे मंडपात तासभर आधी नेऊन ठेवा, गारठ्यात तारांचा स्वर सरकतो.