एमएच३७० : तर्कांचं दळण आता पुरे?

रानवारा :
क्वालालंपूरहून बीजिंगला जाताना २०१४ मध्ये बेपत्ता झालेलं एमएच३७० विमान शोधायला मलेशियाने २०२५ मध्ये ओशन इन्फिनिटी या समुद्रतळ धुंडाळणाऱ्या कंपनीशी पुन्हा करार केला. सापडलं तर सात कोटी डॉलर, नाही तर छदाम नाही. बातमी आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दिएगो गार्सियाच्या अमेरिकी लष्करी तळावर उतरवलं, अपहरण झालं, सगळं जुनं दळण परत सुरू! अहो, जुलै २०१५ मध्ये हिंद महासागरातल्या रियुनियन बेटावर पंखाचा तुकडा मिळाला, तो त्याच विमानाचा निघाला. समुद्रात पडलं, विषय संपला. ८ मार्च २०१४ ला त्यात २३९ माणसं होती, पाच भारतीय, त्यांत मराठीही. त्यांच्या घरचे हे फॉरवर्ड वाचत नसतील का? वैमानिकाला तर लोकांनी कधीच खुनी ठरवून टाकलंय. शोधणाऱ्यांना शोधू द्या, आपण तोंड आवरा.

तिरकस :
साफ असहमत. विमान मागे वळून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे गेलेलं लष्करी रडारवर उमटलं होतं, तरी विरुद्ध बाजूच्या दक्षिण चीन समुद्रातला शोध आठवडाभर चालूच. १५ मार्चला पंतप्रधान नजीब रझाक यांनी तो थांबवल्याचं सांगितलं. सरकारच असं वागल्यावर लोक तर्क लढवणारच. आणि २०१६ मध्ये मोझांबिकला ‘नो स्टेप’ (पाय देऊ नका) लिहिलेला विमानाचा तुकडा शोधला तो ब्लेन गिब्सन या अमेरिकन वकिलाने, कुठल्या सरकारी बोटीने नव्हे.

रानवारा :
गिब्सन किनारे तुडवत हिंडला. सोफ्यावर बसून अपहरणकर्ते शोधणाऱ्यांनी त्याचं नाव कशाला घ्यावं?

कोनमापक :
भांडणात उपग्रह राहिलाच. इन्मारसॅट या उपग्रह कंपनीचं जमिनीवरचं केंद्र साधारण तासाने उपग्रहामार्फत विमानाला ‘आहेस का?’ विचारत होतं, विमानातलं यंत्र ‘आहे’ म्हणत होतं. उत्तराला लागलेल्या वेळावरून उपग्रहापासूनचं अंतर निघतं, दिशा नाही. म्हणून नकाशावर ठिपका न मिळता कमान मिळते. विमानाकडून शेवटचा संदेश सकाळी ८:१९ चा, तीच ती सातवी कमान. २०१७ पर्यंत तिच्या आसपास १,२०,००० चौ. किमी तळ चाळला, २०१८ मध्ये आणखी १,१२,०००. आता गंमत बघा. इंधन संपल्यावर विमान आपोआप कोसळलं असेल तर ते कमानीजवळच पडणार. कोणी तरंगवत नेलं असेल तर बरंच लांब. म्हणजे कॉकपिटमध्ये शेवटी काय चाललं होतं, हा प्रश्न निव्वळ चघळायचा नाही. शोधाचा पट्टा किती रुंद घ्यायचा ते त्यावर ठरतं.

हिशेबनीस :
पण शोधायचंच कशाला? कॉकपिटमधलं बोलणं टिपणाऱ्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये शेवटचे दोनच तास राहतात. वळण त्याच्या कितीतरी आधीचं, ते पुसलं गेलेलं असणार.

तिरकस :
दुसरा, उड्डाणाच्या नोंदी ठेवणारा डेटा रेकॉर्डर २५ तासांचा असतो, त्याचं काय? आपल्या हवाई दलाचं एएन-३२ विमान जुलै २०१६ मध्ये २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. अवशेष दिसले जानेवारी २०२४ मध्ये, ३,४०० मीटर खोल. तेव्हाही ‘कशाला’ म्हणाला असतात?

रानवारा :
@कोनमापक, मुद्दा पटला. पण मलेशियाचा २०१८ चा अहवाल, विमान हाताने वळवलं असावं, एवढंच म्हणतो. कोणाच्या हाताने ते सांगत नाही, तिऱ्हाइताचा हस्तक्षेपही नाकारत नाही. पट्टा हवा तेवढा रुंद करा, मेलेल्या माणसाचं नाव कशाला?

कोनमापक :
‘कंट्रोलवर कोणीतरी होतं’ एवढं धरलं तरी गणित सुटतं. नावाची गरज टीव्हीवाल्यांना, आम्हाला नाही.