मदत हवी आहे: भाजीच्या तीनचाकी सायकलला मोटर आणि बॅटरी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. आमचे मामा साताऱ्यात पायडलच्या तीनचाकीवरून भाजी विकतात. गुडघे कुरकुरायला लागलेत, म्हणून गाडी इलेक्ट्रिक करायची आहे. माणूस आणि माल धरून वजन साधारण ३०० किलो. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे चढ लागतो, घोडं अडतंय ते तिथंच.

५ टक्के चढ आणि ताशी १० किमी वेग धरला तर नुसत्या चाकापाशीच ५०० वॉटच्या वर ताकद लागते. २५० वॉटची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी) घेतली तर नोंदणीची कटकट कदाचित वाचेल, पण रोजच्या चढाला तापून वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जाईल असं मला वाटतं. दुकानदार म्हणतो, "आरामात ओढेल." त्याला काय, गाडी मामांना चालवायचीय! माझा कल ४८ व्होल्ट, १००० वॉटच्या गिअरवाल्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरकडे आहे, मागच्या एक्सलला चेनने जोडून. मग नोंदणीचं कसं करायचं? कुणी आरटीओतून असं काम करून घेतलंय का?

बॅटरी लेड-ॲसिड स्वस्त, पण जड, आणि रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर बसते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घेतली तर १५ सेलची की १६ सेलची? कंट्रोलर (मोटरला वीज कमी-जास्त देणारा डबा) बॅटरी ४२ व्होल्टवर उतरली की कट होणारा आहे, तो चालेल का? बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) ३० अँपिअरचा पुरेल की चढावर ट्रिप होऊन वीज तोडेल?

आणि हो, ब्रेक सध्या फक्त पुढच्या चाकाला आहे. उतारासाठी मागे ड्रम ब्रेक बसवलेलं कुणी असेल तर फोटो टाका.